पंच्याऐंशीचा राखणदार

ओव्हाळ सर,

तुम्ही जाऊन आज अकरा दिवस झाले आणि तुमच्या नावानं आलेल्या एका मेलला मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी ती आली. पाठवणाऱ्या बिचाऱ्याला काय माहीत. त्यानं नेहमीच्या अदबीनं कळवलंय की कंपायलरच्या पोटात मोठी उलथापालथ चाललीये, त्यात तुमच्या प्रोसेसरचा भाग मोडेल, तर तो नीट करून पुढे सांभाळणार का ते सांगा. महिनाअखेरपर्यंत उत्तर आलं नाही तर तो भाग काढून टाकण्यावाचून इलाज नाही. तुम्ही असता तर मेल आली त्याच सकाळी तुमचा फोन आला असता, "मनीषा, कागद घे."

हे मी आपल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकणार आहे. त्यातल्या निम्म्यांना तुम्ही निवृत्तीनंतर विंझरला बसून काय करत होता याचा पत्ता नाही. काहींना वाटतं भातशेती. म्हणून थोडं पहिल्यापासून सांगते. तुम्हाला पाल्हाळ आवडत नसे, पण आज ऐकून घ्या.

भोरला तुम्ही आम्हाला मायक्रोप्रोसेसर शिकवायचात. पाटीएवढा हिरवा बोर्ड, त्याला किट म्हणायचं, त्यावर लाल आकड्यांची सहा घरं, खाली बटणं, आणि मधोमध चाळीस पिनांचा तो काळा प्रोसेसर, ८०८५. सगळी दुनिया त्याला इंग्रजीत पुकारायची, तुम्ही मात्र घरच्या माणसासारखं 'पंच्याऐंशी' म्हणायचात. त्याला आपली भाषा कळायची नाही. आपण त्याच्या आकड्यांत उतरायचं आणि एकेक आकडा बटणं दाबून भरायचा. एक चुकला की सगळं मुसळ केरात. प्रॅक्टिकल दहाला सुरू व्हायचं आणि आमची हिर्डोशीची एसटी मला साडेअकराला आणून सोडायची. तुम्ही कधी का उशीर म्हणून विचारलं नाहीत. मधल्या सुट्टीत माझं किट चालू ठेवून समोर डबा खात बसायचात आणि म्हणायचात, "बस. आज तुझा प्रोग्राम कुठं आपटतोय बघू." तो आपटायचाच. मग हात धुऊन येऊन तुम्ही माझ्यासोबत पहिल्या ओळीपासून सुरू करायचात.

पुढे मी पुण्यात नोकरीला लागले आणि काम मिळालं कंपायलरचं. माणसानं लिहिलेला प्रोग्राम घ्यायचा आणि यंत्राच्या आकड्यांत उतरवून द्यायचा, असं काम करणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. आमचा कंपायलर सगळ्यांसाठी खुला आहे. जगभरातले लोक त्यात भर घालतात आणि कुणीही तो फुकट वापरतं. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी विंझरला तुम्हाला बघायला आले आणि फुशारकीनं हे सगळं सांगितलं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्या डोळ्यानं माझ्याकडे बघत तुम्ही विचारलंत, "आपला पंच्याऐंशी हाय का त्यात?"

मी हसले. म्हटलं, "सर, तो आता कुणाला लागतोय?"

"लागतो का ते न्हाई इचारलं. हाय का?"

नव्हता. वर्गात पुस्तकी बोलणारे तुम्ही विंझरच्या घरात पार विंझरचे होऊन जायचात, आणि अशा वेळी तुमच्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही. मग तुम्ही खरी गोष्ट सांगितलीत. कॉलेजातली किटं कपाटात पडून होती आणि निर्लेखनाच्या, म्हणजे भंगारात काढायच्या, यादीत गेली होती. हातानं आकडे भरायचा मुलांना कंटाळा येतो, म्हणून कुणी त्यांना हात लावत नाही. कंपायलर असेल तर मुलं नेहमीच्या भाषेत प्रोग्राम लिहितील, तो किटमध्ये घालतील, आणि आत काय होतं ते उघड्या डोळ्यांनी बघतील. "मोबाईलच्या आत त्येंना कुणी बघू देत न्हाई. हितं बघता येतं," तुम्ही म्हणालात. काकू चहा घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "हो म्हन आन मोकळी हो. न्हाईतर जेवायला बी उठू द्यायचे न्हाईत."

मी हो म्हटलं. मला वाटलं होतं, दोन-तीन महिन्यांत उरकेल. पावणेतीन वर्षं लागली.

मी लिहायचे आणि तुम्ही चालवायचात. शनिवारी मी कंपायलरनं काढलेले आकडे छापून आणायचे. तुम्ही भिंग घेऊन बसायचात, पाटीवर सात घरं आखायचात, प्रोसेसरच्या पोटातल्या सात रजिस्टरांची, आणि ओळीमागून ओळ हातानं चालवायचात. एक आकडा पुसायचा, दुसरा लिहायचा. पाटीवर बरोबर आलं की मगच किट. काकू शेतावरून येऊन म्हणायच्या, "सकाळी गेले तवा बी ह्येच, आता बी ह्येच. पोरगी शिकलीसवरलेली, तिला तरी काय कळंना." मी सांगून बघितलं की लॅपटॉपवर सिम्युलेटर आहे, प्रोसेसरची हुबेहूब नक्कल करतो, तुमचा चहा संपायच्या आत हजार चाचण्या होतील.

"चालव की," तुम्ही म्हणालात. "त्यो काय म्हनतो ते तू सांग. पाटी काय म्हनती ते म्या सांगतो."

आणि एका शनिवारी दोघांचं जुळलं नाही. दशमान बेरजेची चाचणी होती. सिम्युलेटरचं उत्तर एक, पाटीचं दुसरं. मी तुमच्या पाटीत चूक शोधत दीड तास घालवला, आणि तुम्ही तो शांतपणे घालवू दिलात. मग किट लावलं. किट पाटीच्या बाजूनं होतं. सिम्युलेटर लिहिणाऱ्यानं एका फ्लॅगला, म्हणजे बेरजेतला हातचा लक्षात ठेवणाऱ्या खुणेला, आधीच्या प्रोसेसरचा नियम लावला होता, आणि पंच्याऐंशी तिथं वेगळा वागतो. मला वाटलं तुम्ही आता मला सोलून काढणार. तुम्ही फक्त विचारलंत, "त्या माणसाला कळवायचं का? त्याचं बी नीट हुईल." आपण कळवलं. त्याच्या उत्तरातला 'धन्यवाद' मी तुम्हाला तीनदा वाचून दाखवला.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो तुमची चूक सापडली तो दिवस. आपली म्हणायला हवी, कारण मी तिच्यात आकंठ बुडालेली होते. तुम्ही पहिल्या दिवसापासून शिकवलं होतंत की प्रोग्राम संपला की शेवटी ई-एफ घालायचा, किटच्या मोजणीत अक्षरंही आकडेच असतात. आम्ही ते इतकं घोटलं होतं की मी कंपायलरमध्येही प्रत्येक प्रोग्रामच्या शेपटीला ई-एफ लावून दिला. आपल्या किटवर सगळं झकास चालायचं. काम कंपायलरवाल्यांकडे तपासायला गेलं तेव्हा परदेशातल्या एका बाईनं, तिच्याकडे तोच प्रोसेसर असलेलं जुनं मशीन होतं, विचारलं की हे शेवटी काय आहे? माझं मशीन तिथं येऊन भरकटतं. मी शोधाशोध केली. ई-एफचा प्रोसेसरशी काही संबंध नव्हता. आपल्या किटवाल्यांनी त्या आकड्यावर परत यायची वाट करून ठेवली होती, एवढंच. ती आपल्या किटची रीत होती. आपण तिला प्रोसेसरचा कायदा समजून बसलो होतो.

हे तुम्हाला सांगायला मी घाबरत आले. नसरापूरहून विंझरला येईपर्यंत वाक्यं जुळवत होते. तुम्ही ऐकलंत, चष्मा काढून पुसलात, पुन्हा लावलात. "म्हंजी म्या तीस वर्सं किट शिकवलं. प्रोसेसर न्हाई शिकवला."

मी म्हटलं, सर, त्यानं काय बिघडलं, कुणाचं काही अडलं नाही. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर तुमचा निरोप आला. तो सगळ्यांना आठवत असेल: 'मी तुम्हाला ई-एफबद्दल जे शिकवले ते चुकीचे होते. तो नियम फक्त आपल्या किटचा आहे. माझी समजूत अपुरी होती. ज्यांनी पुढे कुणाला शिकवले असेल त्यांनी दुरुस्ती करावी.' बहुतेकांनी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. एकानं लिहिलं, सर, मी आता किराणा दुकान चालवतो, मला चालेल. तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. आपल्यातले जे मास्तर झालेत त्या प्रत्येकाला फोन करून सांगितलंत. सत्तरी गाठलेला माणूस आपल्या विद्यार्थ्यांना फोन लावून मी चुकलो होतो म्हणून सांगतो, हे मी दुसरीकडे कुठं बघितलेलं नाही. मला त्या दिवशी तुमचा इतका अभिमान वाटला होता की तो मी तुम्हाला सांगूच शकले नाही. आज सांगते आहे, उशिरा का होईना.

आपलं भांडण मात्र झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही. आठ बिटांत दोनशे छप्पन्न आकडे बसतात आणि पुस्तकात दोनशे सेहेचाळीसच दिलेत. उरलेले दहा तुम्ही तरुणपणी किटमध्ये एकेक भरून बघितले होते. शून्य-आठ भरला की सोळा बिटांची वजाबाकी एका फटक्यात व्हायची, जिला एरवी सहा सूचना लागतात. तुमचं म्हणणं, कंपायलरनं तो वापरलाच पाहिजे. माझं म्हणणं, पुस्तकात नाही ते प्रत्येक चिपमध्ये असेलच याची हमी नाही. शेवटी मी तो घातला, पण बंद ठेवला. ज्याला हवा त्यानं चालू करावा. "बंदच ठिवायचा तर लिवला कशाला?" असं म्हणून तुम्ही जे रुसलात ते दोन आठवडे फोनवर आला नाहीत. काकू सांगायच्या, "त्ये रानात गेल्यात," आणि मागून तुमचा खोकला ऐकू यायचा. सर, तुमच्याविषयी सगळा आदर ठेवून सांगते, त्यात मीच बरोबर होते. आता तुम्हाला उलट बोलता येत नाही याचं मला वाईट वाटतं.

आता तुमच्या नावाच्या ओळीबद्दल. काम मंजूर करताना कंपायलरवाल्यांची एक अट होती. प्रत्येक प्रोसेसरला एक राखणदार लागतो. एका फायलीत त्याचं नाव लिहायचं. त्या प्रोसेसरबद्दल जगात कुणालाही काही अडलं की ह्याला विचारायचं, आणि ह्यानं उत्तर द्यायचं. मी तुम्हाला न विचारता तिथं तुमचं नाव घातलं. मेलचं खातंही तुमच्या नावानं उघडलं, कारण बाकी कुठंच तुमचं नाव येणार नव्हतं; आलेलं मी तुम्हाला मराठीत कळवायचे. कामाच्या इतिहासात प्रत्येक बदलापुढे माझं नाव आहे. टायपिंग माझं होतं ना. पाटी कुठं दिसत नाही.

तुम्हाला ते कळलं पहिला प्रश्न आला तेव्हा, आणि तुम्ही भडकलात. "ह्ये मानाचं पान न्हाई. हितं राखनारा पायजे. जो राखनार त्येचं नाव लाव."

"असू दे सर. लोकांना कळू दे हे कुणी केलं."

"केलं कुणी ते कोन इचारतंय? अडलं तर इचारायचं कुनाला, ते लिवलंय तितं."

भडकलात, तरी त्याच संध्याकाळी तुम्ही वहीची दोन पानं भरून उत्तर लिहिलंत, मराठीत, बाणांच्या आकृत्या काढून, खाली लफ्फेदार सही करून. काकूंनी मोबाईलवर फोटो काढून मला पाठवला आणि मी इंग्रजी करून धाडला, तुमच्या पानांच्या फोटोसकट. त्या माणसानं लिहिलं की उत्तर कळलंच, पण ती आकृती मी छापून टेबलासमोर लावली आहे. त्यानंतर जे जे प्रश्न आले त्या सगळ्यांना तुम्ही असंच उत्तर दिलंत. एकदा ताप असताना दिलंत. आणि दर वेळी शेवटी मला म्हणायचात, "नाव बदल."

मी बदललं नाही. लोकांना सांगायचे की मी सरांचं नाव मान म्हणून लावलंय, आणि लोक म्हणायचे, किती छान. सर, ते खोटं होतं. मला ते ओझं नको होतं. ऑफिसात माझी चेष्टा व्हायची की हिच्या जुनाट चिपची खबर घ्या. पंच्याऐंशीसाठी माझ्या पुढच्या सगळ्या रविवारांवर सही करायची माझी तयारी नव्हती. तुमच्या नावाआड मी लपले होते, आणि तुम्हाला ते कळत होतं असं मला आता वाटतं. तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत.

शेवटचं भेटलो तेव्हा भाताची लावणी उरकली होती आणि तुम्ही पडवीत पांघरूण घेऊन बसला होता. बोलताना दम लागत होता. तेव्हाही तेच. "नाव बदललं का?" मी म्हटलं, "पुढच्या खेपेला आले की बदलते, सर." तुम्ही "बरं" म्हणालात. तुम्ही माझं असलं काही इतक्या मुकाट्यानं ऐकून घेतल्याचं मला आठवत नाही. ते 'बरं' माझ्या डोक्यातून जात नाही.

परवा तुमच्या पुण्यानुमोदनाला विंझरला आले होते. माणसं पांगल्यावर काकूंना ती मेल वाचून दाखवली आणि सगळं सांगितलं, लपल्याचंसुद्धा. म्हटलं, काकू, भाग टिकवायचा तर मला तिथं माझं नाव लावावं लागेल आणि सरांचं काढावं लागेल. उत्तर देणाऱ्याचंच नाव ठेवतात, तसा नियमच आहे. आणि सरांचं नाव तेवढ्या एका ठिकाणी आहे. माझा हात होत नाही.

काकू भांडी पुसत होत्या. हातातलं ताट त्यांनी खाली ठेवलं. "त्येंच्या नावानं कागद येत्याल आन उत्तर द्याया कुनी नसंल, ह्येची त्येंना लाज वाटली असती," त्या म्हणाल्या. "नावाचं तू लई मनाला लावून घेतलंस. त्येंनी कवाच घेतलं न्हवतं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "मला बी वाटतं गं ऱ्हावं. पर मला वाटून काय उपेग."

त्यांचे डोळे भरले होते. माझेही. मी फडकं घेऊन उरलेली भांडी पुसायला बसले.

मोडणारा भाग मी या आठवड्यात रजा घेऊन दुरुस्त केला. एक जागा अशी आली की काय करावं कळेना, आणि मी तुमचा नंबर लावून मोकळी झाले. काकूंनी उचलला. मग त्यांनी विचारलं, "जेवलीस का?" आणि फोन ठेवला. ती जागा मी नंतर वहीवर सात घरं आखून सोडवली. माझं अक्षर तुमच्याइतकं चांगलं नाही.

आज दुपारी घरी बसून मी ती फाईल उघडली. असा बदल केला की संगणक दोन्ही ओळी एकाखाली एक दाखवतो. जी जाणार ती लाल, जी येणार ती हिरवी. लाल ओळीत तुमचं नाव होतं, सर. खाली हिरवीत माझं. मी ते खूप वेळ बघत होते. तुमच्याशी भांडून झालं, रडून झालं, चहा करून झाला. मग खाली एक चौकट येते, बदलाचं कारण लिहायची. तिथं लिहिलेलं कुणाला नंतर खोडता येत नाही. ओळी येतात-जातात, पण कारणं राहतात. तिथं मी आधी मराठीत लिहिलं, मग खाली इंग्रजीत:

'ओव्हाळ सर वारले. हे काम त्यांनी पाटीवर चालवून तपासले आहे. यापुढे उत्तरे मी देईन.'

— मनीषा